दोरपट्टी

गावात त्याला सगळे उलटराव म्हणत. तोंडावर तात्या आणि पाठीमागे उलटराव. मात्र त्याच्या धंद्यात तोंड कुठलं आणि पाठ कुठली याचा लोकांना नेहमीच घोटाळा व्हायचा. चार माणसं पुढे बघून पुढे जातात, हा पुढे बघून मागे जायचा. कमरेला घायपाताच्या वाखाचा गठ्ठा गुंडाळलेला, दोन्ही हातांच्या बोटांतून तंतू सुटतायत आणि पाय मागे मागे. चवडा आधी, मग टाच. दोर वळणाऱ्याला असंच चालावं लागतं. त्यासाठी लांब, अरुंद, मोकळी जागा लागते, ती पट्टी. पट्टीच्या एका टोकाला चाक, चाकाला आकडा, आकड्यात वाखाचं पहिलं टोक. चाक फिरलं की पीळ बसतो, आणि पीळ बसेल तसा माणूस मागे सरतो.

चाकावर बायको असायची. लग्न झाल्यावर हळद उतरायच्या आत ती चाकाजवळच्या पाटावर बसली ती बसलीच. ती जागेवर, आणि तो रोज सकाळी तिच्यापासून दूर दूर जायचा, टोकाला पोचला की परत यायचा आणि पुन्हा दूर जायचा. गावातले बाकीचे नवरे बायकोपासून दूर जाताना पाठ फिरवून जात, हा एकटाच तोंड करून जायचा. गावातल्या बायकांना तिचा हेवा वाटायचा म्हणतात. बायकांनी तसं कधी कबूल केलं नाही.

मागे काय आहे ते त्याला दिसायचं नाही. ते ती सांगायची.

"डावीकडे दगड!"

"कुत्रं झोपलंय, उजवीकडून घ्या!"

आणि दगड-कुत्र्यांच्या मधूनमधून संसार. "तेल संपलंय!" "तुमची बहीण येतेय उद्या! चेहरा नीट करा!"

हे सगळं ओरडून. पट्टी इतकी लांब की तो टोकाला गेला की त्याला मिशा आहेत की नाहीत हेसुद्धा तिला शपथेवर सांगता आलं नसतं. त्यामुळे त्यांच्या घरात कोण रुसलंय, कोणाला जुलाब होतायत, मुलाची दहावी कितव्या खेपेला सुटली, हे आळीला रोजच्या रोज ताजं मिळायचं. दोघांना त्याचं काही वाटत नसे. हळू बोलणं ही कला त्यांना येतच नव्हती. तेवढ्या जवळ येऊन बोलायची वेळ दिवसा आली नाही, आणि रात्री दोघं दमून पडत.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. बांधावरचा घायपात उभ्या उभ्या वाळला. पानं चिरगुटासारखी लोंबायला लागली. जी थोडी हिरवी होती ती कापून आणली, तर ती कुजवायला डबक्यात पाणी नाही. पानं कुजल्याशिवाय वाख सुटत नाही. तात्या पानं दगडावर ठेवून धोपटत बसायचा. हाताला फोड यायचे आणि वाख निघायचा तो ठिसूळ, म्हाताऱ्याच्या केसांसारखा. वळताना मध्येच तुटायचा. तुटला की बायको लांबून ओरडायची, "काय झालं?" तो ओरडायचा, "मेला!" मग पुन्हा पहिल्यापासून.

मुलाला मात्र ते वर्ष भरभराटीचं गेलं. त्याच्या कारखान्यातली दोरी पावसावर अवलंबून नव्हती. ती प्लॅस्टिकच्या दाण्यांपासून व्हायची आणि दाणे पोत्यातून यायचे. दुष्काळ पडला तशा पाण्याच्या टाक्या गाडीवर बांधायला लोकांना दोऱ्या लागल्या. सावलीसाठी ताडपत्र्या ताणायला दोऱ्या लागल्या. गुरं विकायला न्यायची तर दोऱ्या, आणि गुरं विकून झाल्यावर गाव सोडायचं तर सामान बांधायला दोऱ्या. गाव जितकं मोडत गेलं तितका मुलगा उभा राहत गेला. यात त्याचा काही दोष नव्हता. मेहनती होता, दारू पीत नव्हता, माणसांचे पगार वेळेवर द्यायचा. त्याने घर बांधलं. वरच्या मजल्यावर रस्त्याकडची, गॅलरीची खोली आईवडिलांना दिली. खोलीत पलंग, पंखा, कपाट आणि सोफा. सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असं सूनबाईने गोड शब्दांत सांगितलं होतं. त्यामुळे बसलं की खालून कुरकुर यायची आणि उठलं की चिकटलेली मांडी सोडवून घ्यावी लागायची. फरशी एवढी गुळगुळीत की तात्याला पायाखाली स्वतःचं तोंड दिसायचं, आणि स्वतःच्या तोंडावर पाय देणं त्याला बरं वाटत नसे. तो भिंतीच्या कडेकडेने चालायचा.

"तात्या, आता बास झालं," मुलगा म्हणाला. "खूप राबलात. आता आराम करायचा."

"कशाचा आराम?"

"कशाचा म्हणजे? आरामाचा."

मुलगा वाईट असता तर तात्याचं काम सोपं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, चार खाल्ल्या असत्या, निकाल लागला असता. पण मुलगा वाकून पाया पडायचा. गुडघ्यांना मलम आणायचा. चाकावर परत बसू नका असंही तो रागाने नाही, काकुळतीने सांगायचा. "लोक म्हणतात, मुलगा कारखानदार आणि आईबाप उन्हात दोर वळतायत. मला तोंड दाखवायला जागा राहत नाही."

आणि त्याला पट्टी हवी होती. मशीनची एक नवी रांग टाकायची होती. त्यासाठी लांब आणि अरुंद जागा लागते, आणि लांब आणि अरुंद अशी गावात एकच जागा होती. ती तात्याच्या नावावर होती.

"कागदाचं नंतर बघू," मुलगा म्हणायचा. "मला तुमच्या तोंडून हो पाहिजे. मनापासून. पाऊस आलाच यंदा तर त्याच्या आत शेड उभी राहिली पाहिजे."

तात्याने 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. विषय निघाला की त्याला खोकला यायचा. खोकल्याचं औषध आल्यावर त्याला कमी ऐकू यायला लागलं. कानाचा डॉक्टर येणार असं कळल्यावर ऐकू आलं, पण नेमकं त्याच वेळी लघवीला लागायला लागलं. मुलगा संडासाच्या दाराबाहेर उभा राहून म्हणायचा, "तात्या, सावकाश होऊ द्या, घाई नाही." ही माया तात्याला फार लागायची. आत तो नळ सोडून उभा असायचा, कोरडाच.

त्याहून कठीण गोष्ट खोलीत होती. सोफ्यावर दोघं शेजारी बसत. जन्मभर त्याने बायकोला समोरून आणि लांबून पाहिलं होतं. शेजारी बसल्यावर तिचा फक्त एक कान दिसायचा. एकदा मान वळवून त्याने नीट पाहिलं.

"हा तीळ कधीचा?"

"कुठला?"

"हनुवटीवरचा."

"जन्मापासूनचा."

"अस्सं," तो म्हणाला.

एकदा ती म्हणाली, "चहा घेता का?" म्हणाली म्हणजे तिच्या नेहमीच्या आवाजात. खालून सूनबाई जिना चढत धावत आली. "काय झालं? कोण पडलं?" कोणी पडलं नव्हतं. सूनबाई हसली, छातीवर हात ठेवून म्हणाली, "आई, हळू बोललं तरी ऐकू येतं हो इथे." ती मनाने चांगली होती. त्या दिवसापासून दोघं हळू बोलायला लागली. हळू आवाजात कसं आणि काय बोलतात ते काही जमेना. चार दिवसांनी दोघांनी बोलणंच सोडून दिलं. पंखा फिरायचा. तो दोघांच्या वतीने बोलायचा.

मुलगा एकदा त्याला कारखाना दाखवायला घेऊन गेला. गेटावरच्या माणसाने सलाम ठोकला. मशीनवरच्या माणसाने कुठूनतरी खुर्ची आणली, ती फडक्याने पुसली आणि पंख्याखाली ठेवली. "मालकांचे वडील," सगळे एकमेकांना सांगत होते. मशीनच्या तोंडातून निळी दोरी सरसर बाहेर येत होती, जिवंत असल्यासारखी. तात्या खुर्चीवरून उठला. पीळ कसा बसतोय ते बोटाला कळतं, डोळ्याला नाही. त्याने हात पुढे केला.

"आजोबा, हात!" मशीनवाल्याने त्याला मागून शर्टाची कॉलर धरून ओढलं. जोरात. शर्टाचं वरचं बटण तुटून मशीनखाली गेलं. मग तो माणूस घाबरला. "माफ करा, माफ करा, मालक. हात गेला असता."

"गेला असता," तात्या म्हणाला. त्याने खुर्चीवर बसून गळ्याशी शर्ट मुठीत धरला. थोड्या वेळाने मुलाला विचारलं, "यात माणूस कुठे चालतो रे?"

"कोणी चालत नाही, तात्या. दोरीच चालते."

"आणि समोर कोण असतं?"

"समोर?" मुलाने समोर पाहिलं. समोर भिंत होती. "समोर कोण कशाला?"

परत येताना गाडीवान भेटला. बापजाद्यांपासूनचं गिऱ्हाईक. बैलाच्या गळ्यात निळी दोरी होती. तात्याला पाहून गाडीवानाने खांद्यावरचा पंचा काढून घाईघाईने बैलाच्या गळ्यावर टाकला.

"थंडी वाजतेय का त्याला?" तात्याने विचारलं. ऊन एवढं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं.

"जरा... सर्दीसारखं आहे," गाडीवान म्हणाला.

"जप त्याला," तात्या म्हणाला आणि पुढे गेला. गाडीवान बराच वेळ तिथेच उभा होता. बैलाने पंचा खायला सुरुवात केली होती.

पुढच्या आठवड्यात तात्या सगळ्यांच्या नकळत पट्टीवर गेला तेव्हा पट्टीत खड्डे होते. दोन्ही बाजूंना ओळीने, चौकोनी, कमरेएवढे खोल, कडेला मातीचे ढीग. मधे चालायला एक पाऊलवाट उरली होती, तीही सरळ नाही. एखादा खड्डा आत आला होता, एखादा बाहेर. गवंडी ढिगावर बसून तंबाखू मळत होता.

"हे काय?"

"खड्डे," गवंडी म्हणाला. तो कमी बोलणारा माणूस होता.

"मी हो कुठे म्हटलंय?"

"ते मालक म्हणालेच. म्हणाले, तात्या हो म्हणेपर्यंत काम सुरू करायचं नाही. हे काम नाही, ही तयारी. माझी माणसं रिकामी बसली होती. म्हटलं हो येईल तेव्हा येईल, खड्डे काढून ठेवू."

"आणि नाही आलं तर?"

गवंड्याने तंबाखू ओठाखाली ठेवली आणि विचार केला. "तर बुजवू. बुजवायचं बिल वेगळं."

तात्या चाकापाशी गेला. पाट होता, चाक होतं. छपराखाली शेवटचा वाख टांगलेला होता, एका दोराचा असेल नसेल. तो खड्ड्यांकडे बघत उभा राहिला. असं वाटत होतं की आपल्याला मापून कोणीतरी जागा करून ठेवलीय, फक्त एकच खड्डा काढायचा तर चुकून एवढे निघाले. मनाशी त्याने ठरवलं. नाही म्हणायचं. पोराला वाईट वाटेल, वाटू दे. आपलं जाऊ दे, आपण काय, आज आहोत, उद्या नाही. पण ती बिचारी त्या खोलीत गुदमरतेय. तोंडातून शब्द काढत नाही. तिच्यासाठी तरी नाही म्हणायचंच.

त्याच संध्याकाळी मुलाकडे मोठा ग्राहक आला. खाली दिवाणखान्यात चांगले कप निघाले. सूनबाईने वर येऊन सांगितलं, "थोडा वेळ गॅलरीत बसा हां तात्या, वारा छान आहे." म्हणजे खाली येऊ नका. तात्या गॅलरीत उभा राहिला. बायको रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. खांद्यावर चादर टाकून ती वळली आणि तिने वर पाहिलं.

मधे अंगण, फाटक आणि रस्ता. म्हणजे पट्टीएवढं नाही, पण बरंच अंतर होतं.

"अगं!" तो ओरडला. "पट्टीत खड्डे काढलेत!"

"बघितले!" ती तिथून ओरडली.

"मी त्याला 'नाही' सांगणार!"

"हो सांगा!"

"काय?"

"हो! हो म्हणा!"

समोर इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. शेजारणीने भांडी घासायची थांबवली, मात्र नळ चालू ठेवला, कामात आहे असं दिसावं म्हणून.

"अगं, तुझ्यासाठी 'नाही' म्हणतोय मी!"

"माझ्यासाठी?" तिने चादर खांद्यावरून काढून काखेत मारली. "मला कधी विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात! जन्म गेला आपला तिथे!"

"तुमचा गेला! फिरत गेला! माझा एका पाटावर गेला! हा खांदा बघा!" तिने उजवा हात वर करायला घेतला. तो कानापर्यंतही गेला नाही, मधेच थांबला आणि तिने डाव्या हाताने त्याला धरून खाली आणला. "मुलगा रांगत होता तेव्हापासून असा आहे! केस डाव्या हाताने विंचरते मी! दिसलं नाही कधी?"

तात्याला दिसलं नव्हतं. लांबून तीळ दिसत नाही, तसा खांदाही दिसत नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार! तुम्ही मागे मागे जायचात आणि चेहरा असा व्हायचा..." ती थांबली. सगळी आळी थांबली. "जेवून तृप्त झालेल्या माणसाचा असतो ना, तसा! जेवण नसलं त्या दिवशीसुद्धा! त्या चेहऱ्याला मी काय सांगू, खांदा दुखतोय म्हणून?"

"असं होतं तर..."

"असंच होतं! आणि ऊन! चाक पश्चिमेला तोंड करून कोणी बसवलं? दुपार कलली की तुम्हाला ऊन पाठीवर आणि मला डोळ्यांत!"

"ते आमच्या आजोबांनी बसवलं!"

"त्यांची बायको लवकर आंधळी झाली!"

खालचं दार उघडून मुलगा अंगणात आला. कान लाल झालेले. "आई, तात्या, हळू. आत पाहुणे बसलेत."

दिवाणखान्याच्या खिडकीतून मोठ्या ग्राहकाचं डोकं बाहेर आलं. "बोलू द्या हो त्यांना," तो म्हणाला. "बोलू द्या."

"मग तुला काय पाहिजे?" तात्याने विचारलं. त्याने आता कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "पट्टी नको?"

"पट्टी जाऊ दे खड्ड्यात!" ती म्हणाली. पट्टी तशी खड्ड्यात जाऊ लागलीच होती. "मला एकदा तुमच्या जागी जायचंय. मागे मागे. मला बघायचंय काय आहे त्यात एवढं."

एवढं बोलून तिने उरलेले कपडे गोळा केले, रस्ता ओलांडला आणि मुलाच्या बाजूने घरात शिरली. जिना चढून वर आली. तोवर तात्या आत येऊन सोफ्यावर बसला होता, त्याच्या शेजारी बसली. सोफा कुरकुरला.

तात्याला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि झोपही लागेना. त्याने आपला सगळा जन्म आठवून पाहिला. सुख म्हणजे काय असतं असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, पण ते त्याच्याकडे होतं एवढं त्याला माहीत होतं. कमरेला वाख, समोर ती आणि पाय मागे. घरात काही नसतानाही ते होतं, आणि आता घरात सगळं असताना नव्हतं. पोराने कितीही मलम आणलं तरी ते येणार नव्हतं. हे सगळं खरंच होतं. फक्त आपण इतकी वर्षं जे हवेवर चाललंय असं धरून होतो, ते एका माणसाच्या खांद्यावर चाललं होतं, हे त्याच्या हिशेबात कधी आलं नव्हतं. तक्रार करायलाही जागा राहिली नाही. पट्टी गेली तर त्याचं सुख जाणार होतं, आणि राहिली तर तिचा खांदा.

सकाळी तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चल."

"कुठे?" असं तिने विचारलं नाही.

पट्टीवर अजून कोणी नव्हतं. त्याने छपराखालचा वाख काढला, झटकला. तिच्या कमरेभोवती गुंडाळताना तो दोनदा चुकला. आजवर त्याने तो स्वतःच्याच कमरेला गुंडाळला होता. तिने हात वर धरले होते, एक खूप आणि एक थोडा.

"खड्डे आहेत मागे," तो म्हणाला.

"तुम्हाला डोळे आहेत ना?"

तो पाटावर बसला. पाट त्याला बुटका झाला. गुडघे छातीशी आले. तिने वाखाचं टोक आकड्यात अडकवलं, दोन पावलं मागे झाली आणि म्हणाली, "फिरवा."

त्याने दांडा धरला आणि फिरवला.

पहिल्याच वळशात त्याला कळलं की आपण या चाकाबद्दल काहीही जाणत नाही. ते वर जाताना जड व्हायचं आणि खाली येताना हातातून निसटायचं. दोन्ही वेळा सारखा वेग ठेवायचा तर खांद्याने ते आवरावं लागत होतं. तो जोरात फिरवायला लागला तसा दोर गाठीगाठींचा झाला.

"हळू!" ती म्हणाली. "गाडी नाही चालवत आहात!"

त्याने हळू केलं. ती मागे चालली. चवडा, टाच. बोटांतून वाख सुटत होता, कधी जाड, कधी बारीक. बायकोला चालताना त्याने कधी असं पाहिलं नव्हतं. ती चालायची ती नेहमी कशाकडे तरी, चुलीकडे, विहिरीकडे, पाहुण्याकडे. आता ती कुठेच जात नव्हती. फक्त त्याच्यापासून लांब होत होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"जाड होतंय!" तो म्हणाला.

"होऊ दे! माझं आहे!"

पहिला खड्डा आला. त्याच्या उजव्या हाताला होता. "डावीकडे!" तो ओरडला.

ती डावीकडे सरली, म्हणजे तिच्या डावीकडे. तिची टाच खड्ड्याच्या काठावर पडली आणि मातीचा कपचा खाली घसरला. ती तशीच थांबली. दोर ताठ होता. बोटं जागेवर.

"माझं डावं की तुमचं?" तिने विचारलं.

तिचं डावं त्याच्या उजवीकडे होतं. साधी गोष्ट होती. आणि आजवर तिने 'डावीकडे' म्हटलं की ते त्याचं डावं असायचं. प्रत्येक दगडाला, प्रत्येक कुत्र्याला, जन्मभर, ती स्वतःच्या हातांची बाजू मनातल्या मनात उलटी करून त्याला सांगत आली होती. तेल संपल्याचं सांगताना, खांदा दुखत असताना, डोळ्यांत ऊन असताना. एकदाही चुकली नव्हती. त्यामुळेच त्याला कधी कळलं नव्हतं.

"माझं!" तो म्हणाला. "थांब. तुझं... तुझं उजवं! उजवीकडे ये! थोडं. आणखी. हां!"

ती उजवीकडे आली. पुन्हा चवडा, टाच.

आता त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. ऊन डोळ्यांत नव्हतं, सकाळ होती, तरी त्याला घाम फुटला होता. प्रत्येक खड्डा दिसला की आधी आपला हात, मग तिचा हात, मग शब्द, आणि मधे चाक थांबता कामा नये. खांद्यातून कळ निघून मानेपर्यंत गेली. हात बदलावा तर पीळ सुटला असता.

फाटकाशी आवाज झाला. मुलगा आला होता. मागे गवंडी आणि त्याची माणसं, खांद्यावर लोखंडी खांब. मुलाने आधी बापाला चाकावर पाहिलं, मग पट्टीवर नजर टाकली आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"आई! मागे खड्डा..."

"ओरडू नकोस!" तात्या गरजला. असा तो मुलावर कधी गरजला नव्हता. "एकाच माणसाचा आवाज जाऊ दे तिच्याकडे! तुझं डावं! हां, सरळ!"

"तात्या, अहो पडेल ती. थांबवा आधी. मी नाही मागत पट्टी. राहू दे ती शेड, मी..."

"बांध की शेड," तात्या म्हणाला. त्याची नजर हलली नाही. "हो म्हटलं, जा. आता मधे येऊ नकोस, इथे दोन खड्डे समोरासमोर आहेत. अगं, पाय जवळ घे! जवळ! मधोमध!"

महिना दीड महिना सगळं घर ज्या एका शब्दासाठी खोळंबलं होतं तो असा गेला. मुलाच्या लक्षातही आला नाही. गवंड्याच्या आला, पण खांब खाली ठेवायची ही वेळ नाही एवढं त्यालाही समजलं. त्याची माणसं खांब खांद्यावर घेऊन रांगेने उभी राहिली. मुलगा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून उभा होता, लहानपणी तापात उभा राहायचा तसा.

त्या दोन खड्ड्यांमधली वाट एका पावलाएवढी होती. तिने एक पाय मागे टाकला, चाचपला, टेकवला. दुसरा. वाख सुटत राहिला. मग ती पलीकडे गेली. माणसांच्या रांगेतून श्वास सुटल्याचा आवाज आला.

आता ती पार लांब होती. तात्याला तिचा तीळ दिसत नव्हता, खांदाही दिसत नव्हता. चेहरा मात्र दिसत होता, किंवा दिसतोय असं वाटत होतं. तो कसा झालाय ते त्याला ओळखता आलं. तसा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, कारण आजवर तो त्याच्या स्वतःच्याच तोंडावर होता.

"संपली पट्टी!" तो ओरडला.

"वाख आहे अजून!"

"मागे रस्ता आहे!"

"मग बघा ना कोणी येतंय का!"

तो पाटावरून अर्धवट उठला. गुडघे वाकलेले, हात दांड्यावर, चाक चालूच. मान लांब करून त्याने रस्त्याच्या एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या. खांदा आता जळत होता आणि पीळ अगदी एकसारखा बसत होता. पट्टीच्या शेवटच्या दगडावर तिची टाच येऊन थांबली होती. ती वाट बघत होती.

"कोणी नाही," तो ओरडला. "जा."